नागापूरच्या शेडमधून गेलेली गेमची मशिनं

नोकरीत मोठमोठे गुन्हे पाहिले, पण कुणी विचारलं की मला आधी आठवते ती नागापूरची ही चोरी. चोरीला गेली होती जुनी व्हिडिओ गेमची मशिनं. नाणं टाकून खेळायची, माणसाएवढ्या उंचीची.

मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना चाळिशीच्या एक बाई धाकट्या भावासोबत ठाण्यात आल्या. बाई पूर्वी शाळेत लिपिक होत्या, भाऊ शिक्षक. शहरातलं एक गेम पार्लर बंद पडलं, तेव्हा बाईंनी नोकरी सोडून तिथली सगळी मशिनं विकत घेतली होती. नागापूरला एमआयडीसीत शेड भाड्याने घेऊन त्या ती दुरुस्त करत. दोन-तीन बिघडलेल्यांचे भाग जोडून एक चालू करायचं आणि पुण्यातल्या हॉटेलवाल्यांना विकायचं, असा धंदा होता. जवळची सगळी पुंजी त्यात गुंतलेली. आणि आता शेड रिकामी.

"भंगाराची फिर्याद?" ठाणे अंमलदार हळूच हसला. बाईंनी ऐकलं.

"भंगार म्हणून घेतलं होतं, साहेब. आता भंगार नाही. लिहून घ्या."

भावाने बहिणीसाठी पाणी मागवलं, तिच्या पाठीवर हात ठेवला. मी गुन्हा नोंदवला आणि पंचनाम्याला निघालो.

कोयंडा दारातून निखळला होता आणि कुलूप त्यालाच लटकत होतं. पहिल्या नजरेला सरळ घरफोडी. पण कोयंड्याचे स्क्रू असे होते की कुलूप लावलं की ते पट्टीखाली झाकले जात. दाराच्या फळीवर पहारीची खूण नव्हती. स्क्रू नीट फिरवून काढलेले. म्हणजे कुलूप आधी किल्लीने उघडलं आणि नंतर चोरीचा देखावा केला.

"किल्ल्या कुणाकुणाकडे?"

"एक माझ्याकडे, एक याच्याकडे," बाईंनी भावाकडे बोट केलं.

"माझी घरीच आहे. कपाटात, डाव्या खणात, रेशनकार्डाखाली," भाऊ लगेच म्हणाला. मी जागा विचारली नव्हती. खोटं बोलणारा माणूस न विचारलेलं फार सांगतो. मी ते फक्त टिपून ठेवलं. संशय आणि पुरावा यांत अंतर असतं.

असली अवजड मशिनं खिशात घालून नेता येत नाहीत. टेम्पो लागतो, हमाल लागतात. मी शेडपासून निघणाऱ्या सगळ्या रस्त्यांवरच्या बातमीदारांना कामाला लावलं. सोनईच्या रस्त्यावरच्या एका चहावाल्याकडून निरोप आला : वाऱ्याने एका टेम्पोची ताडपत्री उडाली, तेव्हा आत टीव्ही बसवलेली कपाटं दिसली होती. टेम्पो चहावाल्याच्या ओळखीचा होता. चालक पाथर्डीकडचा, हंगामात ऊसतोड मजुरांची ने-आण करणारा.

त्याला ठाण्यात आणलं. हात जोडूनच बसला. मी आधी चहा पाजला. घाबरलेल्या माणसावर ओरडलं की तो खरं बोलत नाही, आपल्याला हवं ते बोलतो.

"साहेब, मी चोर न्हाई. एका सरांनी भाडं ठरवलं हुतं. सोनईच्या भंगारवाल्याकडं माल उतरवला."

"सर? नाव?"

"नाव न्हाई म्हाईत. पर लई जपत हुते. सारखं म्हनायचे, काच फुटू देऊ नका, ताईची मेहनत हाय."

'ताई' शब्दापाशी माझं पेन थांबलं. भावाला चालकासमोर उभं केलं. चालकाने मान हलवली, "व्हय, ह्येच."

भावाने नाकारलं नाही. म्हणाला, "साहेब, मी एक रुपया घेतला नाही. भंगारवाल्याला म्हणालो, फुकट ने, पण तोडून टाक. सरकारमान्य शाळेतली नोकरी सोडून ती दिवसभर सोल्डरिंग करत बसते. नातेवाईक हसतात. मशिनं गेली असती तर ती परत नोकरीला लागली असती. तिच्या भल्यासाठीच केलं."

बाई बाहेर बाकावर होत्या. मी सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत.

"तोडायला सुरुवात झालीय का?"

आम्ही तडक सोनईला पोहोचलो. भंगारवाल्याने काही मशिनं फोडली होती. बाकीची पत्र्याच्या आडोशाला उभी होती. बाईंनी एकाची वायर जोडली. पडदा थरथरला, मग रंग उमटले, कर्कश वाजत गेम सुरू झाला. भंगारवाल्याचे कामगार हातातलं काम टाकून बघत राहिले. बाईंनी तेव्हा कुठे डोळे पुसले.

परतताना मी म्हणालो, "घरचा मामला आहे. विचार करा."

"साहेब, फिर्याद चोराविरुद्ध दिली होती. तो माझा भाऊ निघाला म्हणून चोरी पुसली जाते का?"

त्यांनी फिर्याद मागे घेतली नाही. मुद्देमाल न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्या ताब्यात गेला. फुटलेल्या मशिनांतले भाग काढून त्यांनी बाकीची चालू केली आणि विकलीही. पुढे न्यायालयात तडजोडीचा विषय निघाला, तेव्हा त्यांनी एकच अट घातली : जे नातेवाईक हसत होते, त्यांच्यासमोर भावाने आपल्या तोंडाने सांगायचं की मशिनं मी चोरली. भरपाई नको, माफीही नको.

त्याने सांगितलं. नातेवाइकांच्या त्या बैठकीला मलाही बोलावलं होतं. भावाने शेवटी पुन्हा "तुझ्या भल्यासाठी" असं सुरू केलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "माझं भलं मला विचारून कर."

घरफोडीपेक्षा घरातल्यांनी केलेली चोरी पकडणं कठीण, कारण करणाऱ्यालाच ती चोरी वाटत नाही. त्यानंतर कुणी ठाण्यात येऊन "साहेब, घरचा मामला आहे" म्हणालं, की मी लिहिणाऱ्याला थांबू देत नसे. वस्तू कुणाची होती आणि त्या माणसाला विचारलं होतं का, एवढंच मी विचारायचो.