मावशीच्या रक्तातले नारिंगी दाणे

डॉ. शुभदा केळुसकर यांची नि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकात झाली, आचोळ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये. मी नवीकोरी तंत्रज्ञ. "शौचाचे नमुने तपासताना नाक मुरडणार असशील, तर आत्ताच सांग," हे बाईंचं पहिलं वाक्य. "छे, मुळीच नाही!" मी ठोकून दिलं.

बाईंचं काम सावकाशीचं. रक्ताची प्रत्येक काच त्या स्वतः पाहत. पुढे मोजणीचं यंत्र आलं, तरी त्यांचा डोळा सूक्ष्मदर्शकालाच. "यंत्र आकडा सांगेल, तो का वाढला हे आपणच शोधायचं," असं त्या म्हणत.

एकदा राजोडीहून माझी सख्खी मावशी तपासणीला आली. जन्मभर केळीच्या वाडीत अनवाणी राबलेली, आता दम लागत होता. तिचे डॉक्टर दुसऱ्याच दिवसापासून स्टेरॉईडच्या गोळ्या देणार होते. रक्त बाईंकडे गेलं, शौचाचा नमुना माझ्याकडे. जेवायची वेळ झालेली, डब्यात सुकटीचं कालवण. मला किळस आली. न बघताच 'जंत आढळले नाहीत' असं लिहून मी मोकळी झाले.

इकडे बाईंच्या काचेवर नारिंगी दाण्यांच्या पेशींची, म्हणजे इओसिनोफिलची, नुसती दाटी.

"शौच कुणी पाहिलं?"

"मी."

"खरंच पाहिलंस?"

मी मान खाली घातली.

बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी ताजा नमुना घेतला, काच लावली नि मला बघायला लावलं. बारीक अळ्या वळवळत होत्या. मातीतून, पायाच्या कातडीतून शिरणारे हे जंत आतड्यात वर्षानुवर्षं राहतात.

"शरीर काही गप्प बसत नाही," बाई म्हणाल्या. "आतडं चिकट स्राव वाढवतं, जंतांना बाहेर ढकलू बघतं. या नारिंगी पेशी अळ्यांना चिकटतात नि आपले दाणे त्यांच्यावर रिकामे करतात. जंत संपत नाहीत, पण आवाक्यात राहतात. स्टेरॉईड प्रतिकारशक्ती दाबतं, उद्याच्या गोळ्यांनी हा पहाराच उठला असता. मग अळ्या अंगभर पसरल्या असत्या, मावशी हाती लागली नसती."

त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन केला. गोळ्या थांबल्या, जंतांचं औषध सुरू झालं, मावशी सावरली.

माझी नोकरी गेलीच, असं मी धरून चालले होते. बाईंनी फक्त आपल्या शेजारची खुर्ची दाखवली. "उद्यापासून इथं बसायचं." ती खुर्ची मी अजून सोडलेली नाही.

या गौरवग्रंथात हे लिहू का, असं मी बाईंना विचारलं. "लिही. पण आधी मावशीला सांग." गेल्या रविवारी राजोडीला गेले. सांगता सांगता मला रडूच फुटलं. मावशीनं तांब्या पुढे केला.

"पानी पी गो. मना तवाच म्हाईत व्हता. बाईंनी सांगितला. बोलल्या, चूक माज्या लॅबची हाय, पोरीवर नका रागवू, माज्यावर रागवा."

इतकी वर्षं मावशी मला केळी पाठवत राहिली, आणि दोघींपैकी एकीनंही अवाक्षर काढलं नाही! मला लाज वाटली, आणि फार बरंही वाटलं.

बाई, पंचाहत्तरी पूर्ण करताना तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हे मागणारी मी एकटी नाही. सोहळ्याला मावशीही येणार आहे, केळ्यांचा घड घेऊन आणि पायात चपला घालून.