मापाने बेतलेले सूर

तिचे नाव कोणत्याही संस्थेच्या हजेरीपटावर नाही. ज्याचे बोलावणे येईल त्याच्याकडे व्हायोलिन घेऊन जायचे, काम चोख करायचे आणि पेटी मिटून घरी यायचे, ही तिची आजवरची रीत. नाटकाच्या तालमी, ध्वनिमुद्रणे, साबणाच्या जाहिराती, एकदा तर एका मोठ्या दुकानाच्या सरकत्या जिन्याखालीही ती वाजवून आली. तिथे जिना वर जाणाऱ्यांना तिचे पहिले अर्धे गाणे ऐकू येई आणि खाली येणाऱ्यांना दुसरे. तेही तिने बेसूर होऊ दिले नाही. काम हलके असेल, आपण हलके व्हायचे नाही, हे तिने कोणाला बोलून दाखवले नाही; ती तसे वागत आली.

परंतु वादकांमध्ये तिला जो मान आहे तो वाजवण्याबरोबरच लिहिण्याचा आहे. संगीतकार चाल बांधतो, गाणारा गातो. त्यांच्या पाठीशी दहा-बारा व्हायोलिन आणि त्याच कुळातली मोठी वाद्ये, व्हायोला आणि चेलो, असतात, त्यांतील कोणी केव्हा काय वाजवायचे हे कोणीतरी लिहावे लागते. ते ती लिहिते. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. मात्र ते काढून घेतले की गाणे अंगावर नीट बसत नाही.

ही कापडाची भाषा तिच्या घरातली. सासूबाईंनी आयुष्यभर शिवणकाम केले. स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत त्यांचे कापड बेतायचे लांब टेबल आहे. त्याच्या एका टोकाला खडू, कात्री, टाचण्या, तर दुसऱ्या टोकाला सुनेच्या पेन्सिली, खोडरबर आणि रेघा आखलेले कागद. मधल्या हद्दीवरून दोघींची रोज कुरबुर चाले. "वाजवतेस कमी आणि खोडतेसच जास्त," असे सासूबाई म्हणत आणि खोडरबराचा चुरा कापडावरून झटकत. पाहुण्यांसमोर मात्र त्यांचा सूर बदले. आमच्या सूनबाई व्हायोलिनवाल्यांच्या शिंपीण आहेत, असे त्या सांगत, आणि ते सांगताना त्यांची मान ताठ असे.

शिंपीण हा शब्द तिने मनापासून स्वीकारला होता. कारण ती वाद्यासाठी लिहीत नसे, माणसासाठी लिहीत असे. एका व्हायोलावादकाची करंगळी आखूड, म्हणून त्याच्या वाट्याला ताणाची बोटे, म्हणजे करंगळी ताणून गाठायचे सूर, येत नसत. एक तरुण वादक आवाज चढला की घाईला येई. त्याच्या ओळीत चढाआधी ती एक श्वास मोकळा ठेवी. आपली ओळ आपल्याला इतकी सोपी कशी जाते याचे त्याला नवल वाटे, आणि त्याचे श्रेय तो स्वतःकडे घेई. तिला त्यात आनंद होता. दुसऱ्याला उंच करून आपण दृष्टीआड राहणे ही कारागिराच्या अभिमानाची फार प्रौढ अवस्था आहे. तीत एक धोकाही असतो, आणि तो तिला त्या हिवाळ्यात कळला.

तिच्या शेजारी एक वयस्क वादक बसत; सगळे त्यांना काका म्हणत. व्हायोलिनवादक दोघांत एक स्टँड आणि एक कागद घेऊन बसतात. बाहेरच्या, मानाच्या खुर्चीवरचा 'पुढचा' वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा पान उलटतो. ती या व्यवसायात आली तेव्हा काका पुढे होते आणि पाने ती उलटत असे. पहिल्याच दिवशी घाबरून तिने दोन पाने उलटली होती. काकांनी उरलेली ओळ पाठ वाजवली आणि बाहेर आल्यावर एवढेच विचारले की, पोरी, तुला घरी जायची घाई होती का? काही वर्षांनी पुढची खुर्ची तिच्याकडे आली. तेव्हा काकांनी आपण होऊन आपली पेटी आतल्या बाजूला सरकवली, आणि त्यानंतर पाने ते उलटू लागले. या बदलाबद्दल दोघांत कधी एक शब्दही झाला नव्हता.

त्या हिवाळ्यात एका संगीतकाराचा फोन आला. गाणे संपल्यावर एकट्या व्हायोलिनचा एक लांब सूर उरावा, इतका हळू की तो केव्हा थांबला हे ऐकणाऱ्याला कळू नये, असे त्याला हवे होते. मग जरा चाचरत तो म्हणाला की, काकांना या खेपेला नको. मागच्या वेळी त्यांचा उजवा हात थरथरत होता, आणि माइक काही कोणाचे वय पाहत नाही.

ते खरे होते. तिनेही ती थरथर पाहिली होती. तरी ती म्हणाली, "माझ्या शेजारी तेच बसतील. बिघडलं, तर पुढचं काम मला देऊ नका."

शब्द देऊन बसल्यावर तिला भीती वाटू लागली. सूर फाटला असता तर तिचे काम गेले असतेच. काकांची खुर्ची मात्र कायमची गेली असती, कारण अशा गोष्टी या व्यवसायात लवकर पसरतात. टेबलाशी ती दोन दिवस खोडत बसलेली पाहून सासूबाईंनी कारण विचारले. ऐकून घेऊन त्या म्हणाल्या की, त्यांच्या एका गिऱ्हाइकाचा डावा खांदा उतरता होता. त्यांनी कोटात आतून भरण घातली, आणि बाहेर कोणाला पत्ता लागला नाही. तिला वाट सापडली. काकांसाठी तिने वेगळी ओळ लिहिली. शेवटी गज चालवायचाच नाही, नुसते बोटाने तारा छेडायच्या. लांब सूर तिने स्वतःकडे ठेवला.

ध्वनिमुद्रणाच्या सकाळी काका नेहमीप्रमाणे सर्वांआधी आले होते. भिंतींना गालिचे चढवलेल्या त्या खोलीत त्यांनी आपली खुर्ची डावी-उजवीकडे हलवून पाहिली. ती करकरली. माइकसमोर करकरणारी खुर्ची म्हणजे आयते संकट. त्यामुळे अनुभवी वादक आधी खुर्ची तपासतो आणि मग तारा. काचेपलीकडे संगीतकार यंत्रांपाशी उभा होता. तिने स्टँडवर कागद ठेवले.

काकांनी चष्मा लावला. स्टँड एक आणि कागद दोन, हे पाहूनच ते थांबले असावेत. आपला कागद त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे वाचला, त्याची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि वाकून ती खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवली. खुर्ची करकरायची थांबली.

"कामाला आला कागद," ते म्हणाले.

ती व्हायोलिनच्या खुंट्या पिळत राहिली.

"माझं माप घेतलंस," काका गजाला राळ लावत म्हणाले, "पण मला न विचारता घेतलंस. हात माझा आहे, पोरी. तो कुठे थरथरतो ते तू लांबून बघितलंस. मला विचारलं असतंस, तर सांगितलं असतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला तो सोसता आला असता. एवढी वर्षे ज्या गोष्टीचा तिला अभिमान होता तीच तिच्यासमोर उलटी धरली गेली होती. न विचारता केलेली मदत माणसाला सांभाळते खरी, पण त्याला हिशेबातून वगळूनही टाकते. तिने खाली पाहिले, आणि मग जो प्रश्न आधी विचारायला हवा होता तो विचारला.

"कुठे थरथरतो, काका?"

"हळू ओढला की. गजाच्या मधल्या भागाच्या पुढे. मोकळा सोडला तर नाही."

एवढे पुरेसे होते. तिने पेन्सिल उचलली. लांब सूर दोघांनी वाटून घ्यायचा; प्रत्येकाने गज मोकळा सोडायचा आणि मधल्या भागापलीकडे जाण्याआधीच थांबायचे. एकाचा सूर विरत असताना दुसऱ्याचा निघालेला असला पाहिजे. अडचण एकच होती. तो सूर नव्या पानाच्या माथ्यावर सुरू होत होता, आणि पान उलटणाऱ्याला तो सुरू करता येणार नव्हता.

"पान मी उलटते," ती म्हणाली. "पहिला गज तुमचा."

"पुढे बसणाऱ्यानं पान उलटायचं नसतं."

"मग आज मी आतल्या बाजूला बसलेय असं समजा."

काका हसले नाहीत, पण त्यांनी व्हायोलिन खांद्याला लावले.

पहिल्या खेपेला सांधा ऐकू आला. तिचा सूर अंमळ जोरात निघाला होता. काचेपलीकडून 'पुन्हा' असा हुकूम आला. दुसऱ्या खेपेला तिने डाव्या हाताने पान उलटले तेव्हा काकांचा सूर आधीच हवेत होता, सरळ आणि कोरडा, जुन्या वळणाचा. तो कुठे संपतो याची तिने वाट पाहिली नाही. त्याच्या आतच ती शिरली. मग ते, मग पुन्हा ती. शेवटी दोघांचे गज तारेवर स्थिर होते, आणि सूर केव्हा थांबला हे त्या दोघांनाही सांगता आले नसते. मागच्या रांगांत कोणी हलले नाही.

कानावरच्या हेडफोनात संगीतकाराचा आवाज आला. "ताई, शेवटचं व्हायोलिन तुमचं एकटीचं ना?"

हो म्हणणे सोपे होते. पुढे कोणी काही विचारलेही नसते.

"नाही," ती सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली. "आमचं दोघांचं आहे. सुरुवात काकांची."

काचेपलीकडे संगीतकाराने तो भाग पुन्हा लावून ऐकला. मग म्हणाला, "हेच ठेवू."

काकांनी वाकून खुर्चीखालचा कागद काढला, घडी उलगडली आणि तिच्या हातात दिला. मागची बाजू कोरी आहे, वापर, असे ते म्हणाले.

संध्याकाळी तिने सर्व हकीकत घरी सांगितली. सासूबाई टाचण्या डबीत भरत ऐकत होत्या. भरणीचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, त्या गिऱ्हाइकाला मी आधी विचारलं होतं. तेवढं सांगायचं राहिलं बघ."

तेव्हापासून लिहायला बसण्याआधी ती वादकांना फोन करते. हे कोणाला आवडते, कोणाला नाही. आखूड करंगळीचा व्हायोलावादक तर पहिल्या फोननंतर आठवडाभर फुगून बसला होता, आणि मग त्याने ताणाचे एक बोट मागून घेतले. काकांना ती सर्वांत शेवटी फोन करते. पुढच्याच कामाच्या वेळी तिने विचारले की, लांब सूर कुठे ठेवू?

"या खेपेला बोटानं छेडायचं दे," काका म्हणाले. "खांदा दुखतोय."

तिने दिले. ओळी दोन लिहिल्या, पण कागद एकच ठेवला.