बाईंना दाखवलेलं अकरावं घर

आमच्या इमारतीत त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो म्हणून तो नंबरवाला. गेल्या वर्षी त्याने घरं दाखवायचं कामही धरलं, तेव्हा जिन्याजिन्यात चर्चेला ऊत आला. कोणी म्हणालं, दुकान बसलं. कोणी म्हणालं, बायकोने बाहेर काढलंय म्हणून घर शोधतोय. खरं एवढंच होतं की दुकान सहाला बंद व्हायचं आणि मेहुण्याच्या घरविक्रीच्या ऑफिसात संध्याकाळपुरता एक माणूस हवा होता.

"दाजी, काम ते काय! कुलूप उघडायचं आणि हसायचं," मेहुणा म्हणाला.

कुलपं उघडली, पण पुढचं सगळं अडलं. वीस वर्षं अंधाऱ्या खोलीत भिंगं बदलत "हे बरं की मघाचं?" विचारून विचारून जिभेला तेच वळण. "हा ओटा बरा की मघाचा? आता परत बघा. आणि आता?" गिऱ्हाईक इतकं गोंधळे की राहतं घरच काय वाईट आहे, म्हणून निघून जाई. चार महिन्यांत एक घर खपलं नाही. मेहुण्याने बहिणीला फोन केला, "ताई, तुझ्या नवऱ्याने आख्ख्या गावाला आपापल्या घरावर प्रेम करायला शिकवलंय!"

अशात टायपिंगच्या क्लासच्या बाई दुकानात आल्या. अर्ध्या गल्लीची बोटं त्यांनी वळवलेली. नंबरवालाही त्यांचाच विद्यार्थी, आणि त्यातला सगळ्यात ढ. बाई दर महिन्याला डोळे तपासायला येत, आणि दर महिन्याला तक्त्यावरची आणखी काही अक्षरं त्यांच्या हातून निसटत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, चष्म्याने भागणार नाही. फार तर वर्षभर. राहायला एकट्या, तिसऱ्या मजल्यावर, जिना गोल गोल.

"तू घरं दाखवतोस म्हणे," खुर्चीतून उठताना बाई म्हणाल्या. "मला तळमजल्यावरचं एक शोधून दे. दिसतंय तोवर त्याची सवय करून घेते. नाहीतर भाची घेऊन जाईल आणि कोपऱ्यातल्या फुलदाणीसारखी बसवून ठेवेल. प्रेमाने ठेवेल रे, पण ठेवेल."

नंबरवाल्याने हे इतकं मनावर घेतलं की जेवतानाही नकाशे उघडून बसू लागला. पण डोकं शेवटी चष्मेवाल्याचं. कमी दिसतंय? मग उजेड वाढवा! मोठ्या खिडक्यांची, पांढऱ्याशुभ्र भिंतींची दहा घरं त्याने बाईंना दाखवली. बाई भिंतीवरून हात फिरवत, चार पावलं टाकत आणि मान हलवत. दहाव्या घरात त्यांची नडगी खिडकीखालच्या कट्ट्यावर सणकून आपटली.

"ऊन बघा ना बाई, केवढं येतंय!" तो घाईघाईने म्हणाला.

"अरे, खिडकी कसली विकतोस मला?" नडगी चोळत बाई म्हणाल्या. "वर्षभराने काय करू मी तिचं?" मग हळू आवाजात, "क्लासातही तू असाच. टाइपरायटरच्या कळांवर फडकं टाकलं तरी कडेने डोकावायचास."

घरी आला तो चेहरा पाडून. बायकोने विचारलं, "माझा भाऊ काही बोलला का?"

"नाही. बाई बोलल्या."

"मग बरोबरच बोलल्या असतील," म्हणून तिने ताट वाढलं. हिच्यापुढे सहानुभूती मागायला जाणाराच वेडा!

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी त्याने किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि रिकाम्या घरांत डोळ्यांना रुमाल बांधून फिरू लागला. एका घरात कपाटाने कपाळाला टेंगूळ आणलं. दुसऱ्यात स्वयंपाकघर समजून न्हाणीघरात शिरला. तिसऱ्यात मेहुण्याने त्याला भिंत चाचपडताना पकडलं.

"दाजी, आंधळी कोशिंबीर कोणाशी चाललीय?"

"गप उभा राहा. आत्ता सापडत होतं."

हे तिसरं म्हणजे मेहुण्याच्या गळ्यातलं जुनं लोढणं. तळमजल्यावर मागच्या बाजूचं, समोर शेजारच्यांची भिंत, भरदुपारी दिवा लावावा लागे. दोन वर्षं कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पण दारातून शिरून डावा हात भिंतीला लावला की भिंत कुठेही न तुटता थेट ओट्यापाशी नेई. वाटेत उंबरा नाही, कट्टा नाही. आणि स्वयंपाकघर आलं की गुळगुळीत फरशी तळपायाखाली खरखरीत होई.

"बाई, घर अंधारं आहे," त्याने आधीच सांगून टाकलं. हसलाही नाही, हे बरं की ते बरं म्हणालाही नाही.

बाईंनी एक फेरी डोळे उघडे ठेवून मारली, दुसरी मिटून. मग म्हणाल्या, "तू बाहेर जा. दार ओढून घे."

तो बाहेर उभा राहिला. आत पावलं वाजली. नळ सुरू झाला, बंद झाला. मग धप्पकन आवाज. "काही नाही, मीच आहे!" बाई आतून ओरडल्या. त्यानंतर चिडीचूप. त्याचा हात दोनदा बेलकडे गेला आणि दोनदा मागे आला. आपण आपल्या म्हाताऱ्या बाईंना एका काळोख्या घरात कोंडून उभे आहोत, असं त्याला वाटू लागलं.

मग कडी एका झटक्यात सरकली. दारात बाई, डोळे मिटलेले, हनुवटी वर.

"कोण पाहिजे?" भलत्या वेळी कोणी टपकल्यावर घरमालकीण विचारते, तसं त्यांनी विचारलं.

नंबरवाल्याने परक्यासारखे हात जोडले. "कोणी नाही, बाई. सहज आलो होतो."

"मग ये आत. आणि चपला भिंतीला लावून ठेव. मधे टाकल्यास तर मी अडखळेन."