लव्हाळ्याआडचं पाणी

बस्यूनीकाकाला पुरून चार दिवस झाले.

मी अरबी साहित्य शिकलो आणि अलेक्झांड्रियातल्या पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागलो. काका आमचा होडीवाला. शहरालगतचं मर्यूत सरोवर उथळ, बांबू रोवत होडी ढकलायची. महिन्यातून एकदा पाच ठरलेल्या जागी जाऊन तो बाटल्या भरून आणायचा. मी काठावर बसायचो. होडीत मला उलट्या होतात.

"बसा कविराज, बसा. पाण्यात ओकलात तर आकडे बिघडायचे."

आकडे बिघडले की मासेमारी बंद, हे काठावरच्या कोळ्यांच्या साठही घरांना ठाऊक होतं. आकडे अकरा वर्षं बिघडले नाहीत. काठावरच्या कारखान्याचा सांडपाण्याचा नळ रोज काळं पाणी ओकत होता आणि कागदावर शिसं मर्यादेत होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख इनास मॅडम कपाळाला आठ्या घालून सही करायच्या.

हिवाळ्यात काकाची मूत्रपिंडं निकामी झाली. इस्पितळात त्यानं मला जवळ बोलावलं.

"पाचही बाटल्या मी लव्हाळ्याआडून भरायचो."

"पाचही?"

"लव्हाळं पाणी गाळतं. आमचे आजे तेच प्यायचे. दारी आलेल्याला कुणी घाण पाणी देतं का?"

"काका, ते तपासायला होतं."

"म्हणून तर चांगलं दिलं." तो हसला, मग खोकला. "आणि नळाजवळचं दिलं असतं, तर आमच्या चुली तुझ्या मॅडमनं पेटवल्या असत्या?"

"मासे कुठले खायचात?"

"नळाजवळचे. तिथं पाणी कोमट असतं. थंडीत मासा तिथंच जमतो."

त्यानं माझं मनगट धरलं.

"या खेपेला तू जा. जिथलं तिथं भर. आणि मी सांगितलं म्हणू नकोस. भावाला अजून याच लोकांत जाळं टाकायचंय."

मी ओकत ओकत, स्वतःच बांबू रोवत गेलो. जिथलं तिथं भरलं. नळाजवळच्या बाटलीत शिसं मर्यादेच्या सहापट निघालं. दोन आठवड्यांनी मासेमारी बंदीचा कागद वस्तीच्या मशिदीच्या भिंतीवर लागला. नळाबद्दल त्यात एक ओळ होती: चौकशी सुरू आहे. दुसऱ्या दिवशी काका गेला.

दुखवट्याला घरासमोर चटया अंथरल्या होत्या. काकाचा भाऊ मुअव्वद बिनसाखरेची कॉफी फिरवत होता. माझ्या हातात पेला देऊन थांबला.

"या खेपेला बाटल्या कुणी भरल्या?"

"मी."

"तुला जागा कुणी दाखवल्या? तू तर कधी होडीत बसला नाहीस."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"नकाशा होता," मी म्हणालो.

मुअव्वदनं माझ्या हातातला भरलेला पेला काढून घेतला आणि शेजारच्या म्हाताऱ्याला दिला. म्हाताऱ्यानं तो पिऊन टाकला. मी चपला शोधू लागलो.