चढलेला आकडा
गोडी मोजायला द्राक्षाचा मणी यंत्राच्या काचेवर पिळला, की मला नाशिकच्या त्या लॅबमधल्या स्पिरिटचा वास येतो. आयुष्यभर द्राक्षबाग केलेल्या माझ्या वडिलांचा कॅन्सर यकृतापर्यंत पसरला होता. औषध लागू पडतंय का, हे दर महिन्याला रक्त तपासून त्यातल्या एका आकड्यावरून कळायचं. आकडा उतरला तर बरं, एवढं मी त्यांना समजावलं होतं. त्या सकाळी रिपोर्ट वाचून मी म्हणाले, "नाना, थोडा उतरलाय." त्यांनी चष्मा लावला, मागच्या महिन्याचा कागद शेजारी धरला आणि बराच वेळ पाहत राहिले. "चढलाय की गं," ते हळूच म्हणाले, "आकडा चढला म्हंजे माल काढणीला आला." मग माझ्याच पाठीवरून हात फिरवला. आजही बागेत गोडीचा आकडा चढला की सगळे खूश होतात. मी काच पुसत राहते.