राजगडाचा बालेकिल्ला, एक नारळ आणि दोन जावा

खरं कारण आधीच सांगून टाकते. मी राजगडावर निसर्ग बघायला गेले नाही. धाकट्या जावेला एकटीला सगळं श्रेय मिळू नये म्हणून गेले.

आमच्या घरी रीत आहे. नव्या सुनेनं राजगडाच्या बालेकिल्ल्यावर जाऊन जननीदेवीची ओटी भरायची. मी नवी नवरी असताना गेले होते. बालेकिल्ल्याचा तो उभा कातळ बघितला आणि खालीच फतकल मारून बसले. शेवटी नारळ घेऊन आमचे हे वर गेले आणि देवीची ओटी त्यांनी भरली! ओटी, पुरुषाच्या हातून! सासूबाई तेव्हापासून दर हळदीकुंकवाला ही गोष्ट सांगतात, अन् भोरमधल्या बायका माझ्याकडे बघून पदरात तोंड लपवून हसतात.

आता धाकटी जाऊ आलीय, केतकी. पुण्याची, काटक, रोज पहाटे पळायला जाणारी. "ही बघ कशी हरणासारखी चढेल," असं सासूबाई महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. मी भाजी चिरत ऐकायची आणि विळीवर जरा जास्तच जोर द्यायची. सोबतीला थोरली सवाष्ण हवी म्हणताच मी म्हणाले, "मी जाते की!" सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

भोरहून सकाळची एसटी धरून कापूरहोळला उतरलो. तिथं मिसळ खाऊन घ्या, पुढे धड काही मिळत नाही. मग नसरापूर आणि तिथून वेल्ह्याच्या रस्त्याची शेअर रिक्षा. रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई असेल तर स्वतःची गाडी आणा. गडाच्या पायथ्याच्या पाली गावात पोचेपर्यंत केतकीनं गाणी ऐकून ऐकून मोबाईलची बॅटरी संपवली होती. मला बरंच वाटलं, आता फोटो माझ्याच मोबाईलमध्ये येणार.

पालीची वाट म्हणजे गडाची त्यातल्या त्यात सोपी वाट. खाली शेतं, मग झाडी, मग उघडा डोंगर आणि शेवटी पायऱ्या. सोपी म्हणतात ते ऐकून फसू नका, पायऱ्या गुडघ्यांचा जीव काढतात. केतकी पुढे जाऊन थांबायची आणि मी धापा टाकत पोचले की म्हणायची, "ताई, पाणी घ्या." एकदाही दमली नाही बाई. दमली असती तर माझं काय बिघडलं असतं?

ओटीचं सामान मी केतकीकडून आधीच मागून घेतलं होतं. खण, तांदूळ, हळदकुंकू, नारळ सगळं ओढणीत गाठोडं करून पोटाशी, कमरेला बांधलेलं. "थोरलीचा मान असतो," म्हटलं. ती बिचारी "हो ताई" म्हणाली. मी मनात ठरवलं होतं, देवीपुढे आधी मी उभी राहणार.

बालेकिल्ल्याच्या पायथ्याशी एक मावशी ताक विकत बसल्या होत्या. खाली गावातून रोज डोक्यावर हंडा घेऊन येतात. ताक घ्याच, पण सुटे पैसे जवळ ठेवा, मोबाईलला रेंज येते नि जाते. माझ्या पोटाकडे बघून मावशी म्हणाल्या, "अवं ताई, नारळ पोटाशी बांदून कुठं निगालाय? म्होरं लई खडं हाय. कातळाला चिकटून जावं लागतंय."

"असू द्या हो मावशी, सवय आहे," मी ठोकून दिलं.

सवय कसली! कातळात खोबण्या, बाजूला लोखंडी कठडा आणि पाठीमागे थेट दरी. अर्ध्यात एक पायरी अशी आहे की पोट दगडाला टेकवल्याशिवाय वर जाताच येत नाही. माझं पोट टेकेना, मध्ये नारळ! एक हात कठड्याला, दुसरा खोबणीत, खाली बघितलं आणि डोळेच मिटून घेतले. मागून कुणीतरी ओरडलं, "चला काकू, रांग लागलीय!"

केतकी वरच्या पायरीवर वाकून उभी होती. "ताई, द्या माझ्याकडे."

देऊ नये असंच वाटत होतं, खरं सांगते. तेवढ्या लटकत्या अवस्थेतही मी विचार केला, की दिला की ही पुढे जाणार आणि ओटी भरून मोकळी होणार. पण नारळापायी ना वर जाता येईना, ना खाली. सोडली कमरेची गाठ, दिलं ओढणीचं गाठोडं वर. ती सरसर गेली. मी रडवेली होऊन, देवीचं नाव घेत, एकेक खोबण चाचपत महादरवाजा गाठला.

आत जननीदेवीच्या देवळापुढे केतकी बसली होती. गाठोडं मांडीवर, न सोडलेलं.

"भरा ताई. तुमची राहिलीय ना तेव्हापासून?"

असा संताप आला मला! चांगुलपणातही हीच पुढे! पण ओटी भरली मीच. तिनं माझ्या मोबाईलवर भराभर फोटो काढले. पुढे चंद्रतळ्याशी गेलो. तोरणा समोर, पार तिकडे सिंहगड, खाली धरणाच्या पाण्याच्या चकाकत्या कडा. वारा असा की पदर, ओढणी काही जागेवर राहत नाही. केतकी म्हणाली, "ताई, माझाही एक काढा ना." मी म्हणाले, "उशीर होईल गं, चल." उशीर कसला, ऊन अजून डोक्यावर होतं.

उतरताना ती माझ्या पुढे राहिली आणि माझा एकेक पाय धरून खोबणीत ठेवत गेली.

घरी आल्यावर सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिले. मी देवीपुढे, मी तळ्याशी, मी दरवाज्यात. "वा गं! चढलीस शेवटी!" अकरा वर्षांत पहिल्यांदा. मी फुलून गेले. मग त्यांनी फोटो मागेपुढे केले.

"केतकी कुठे दिसत नाही ती? खालीच बसली वाटतं! म्हणजे हिचीही ओटी राहिलीच म्हणायची." आणि त्या हसल्या. तेच हसू, मी ओळखते ते.

केतकी ताटं घेत होती. तिनं पुढचं ताट मांडलं. मी गप्प राहिले असते तर पुढच्या सगळ्या हळदीकुंकवांतून माझी सुटका होती.

"ती माझ्या आधी पोचली होती," मी म्हणाले. "ओटी तिची होती. तिनं मला भरू दिली. फोटो मी काढला नाही तिचा."

सासूबाईंनी चष्मा काढला. "बघ! केवढं मोठं मन पोरीचं!"

एवढा कातळ चढून आले आणि कौतुक शेवटी तिच्याच पदरात. जळले, नाही कशाला म्हणू? पण या खेपेला ते मी माझ्या हातानं घातलं होतं.