यातली मी कुठली?

केबल बंद करायचं ठरवलं तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो होतो, "आता घरात केबल बघतं कोण?" आणि आई तेव्हा माझ्या समोर, सोफ्यावर पाय वर घेऊन, केबलच बघत बसली होती.

तिनं मानसुद्धा वळवली नाही. मालिकेत कुणाचं तरी लग्न मोडत होतं आणि तिचा जीव तिकडं लागला होता, असं मी धरून चाललो. आता ते वाक्य आठवलं की कान तापतात माझे.

आम्ही सांगलीत राहतो, विश्रामबागेत, दुसऱ्या मजल्यावर. वडील फौजेतून रिटायर होऊन कोरेगावकडच्या आमच्या गावी राहिले होते. ते गेल्यावर मी आईला इकडं आणलं. आणलं म्हणजे काय, तिला नाही म्हणता येऊ नये म्हणून दहा पाहुण्यांसमोर "ती एकटी तिथं काय करणार?" असं म्हणून आणलं. मी दिवसभर ऑफिसात, बायको शाळेत, लेक पुण्याला हॉस्टेलवर. तेव्हा इथं आईचं असं काय होतं? खालच्या मजल्यावरच्या काकू आणि संध्याकाळी सातची मालिका, बास. आधी आपापल्या घरी मालिका बघायची आणि मग जिन्यात उभं राहून त्या सुनेला दोघींनी शिव्या घालायच्या.

आईला अक्षरं येत नाहीत. माहेरी, आष्ट्याला, पहिलीतूनच शाळा सोडवून तिला धाकटे भाऊ सांभाळायला बसवलं. आकडे मात्र येतात, आणि खणखणीत येतात. पुढं बाजारात भाजी विकायला बसून शिकली ती. त्यामुळं केबलच्या रिमोटवर तिचं राज्य होतं. चॅनेलचे तीन आकडे असे टपाटपा दाबायची की मलाही जमू नये.

केबलवाला डबा न्यायला आला. वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "साहेब, आज्जी बघत्यात न्हवं? त्येंचं कसं करणार?"

"अरे, यात सगळं आहे," मी इंटरनेटवर चालणाऱ्या नव्या टीव्हीकडं बोट दाखवून म्हणालो. "केबलपेक्षा दुप्पट आहे."

सगळं होतंच. फक्त कशालाच नंबर नव्हता.

त्या संध्याकाळी मी हौसेनं सगळ्यांना नवा टीव्ही दाखवला. सुरुवातीला पडद्यावर चौकोन येतात आणि टीव्ही विचारतो, कोण बघतंय? एक चौकोन माझा, एक बायकोचा, एक लेकीचा आणि शेवटी एक रंगीबेरंगी, अॅपनं आपणहून दिलेला. मी एकेक दाखवत गेलो. आई चष्मा पुसून पुढं वाकली.

"आन् यातली मी कुठली?"

"कुठल्याही जा गं. सगळं एकच आहे."

दोन मिनिटांचं काम होतं तिचा चौकोन करायचं. मला वाटलंच नाही. तिला पहिल्यात, म्हणजे माझ्यात, मालिका लावून दिली आणि कुठलं बटण किती वेळा दाबायचं ते शिकवलं. ती प्रत्येक दाब मोठ्यानं मोजायची. चौकोनाला ती 'खण' म्हणायची. "तुझ्या खणात गेली रं मी," असं सांगून जायची, एखाद्याच्या घरात शिरताना सांगावं तसं.

महिना-दोन महिने बरं चाललं. मग एका रविवारी ऑफिसातले चौघं मॅच बघायला आले. मी टीव्ही लावला, माझा चौकोन दाबला आणि पडदाभर सासवा, सुना, मंगळागौरी आणि भजनं! वर पाटी, 'तुमच्या आवडीचं'. एक जण म्हणाला, "काय साहेब, लय हळवे निघाला की तुमी!" सगळे खो खो हसले. आता यात एवढं काय होतं? हसून सोडलं असतं तर संपलं असतं. पण माझं डोकंच फिरलं. ऑफिसात मी जरा इंग्रजी सिनेमांच्या गप्पा हाणतो ना, ते सगळं उघडं पडल्यासारखं वाटलं.

"आमच्या आईचे उद्योग," मी म्हणालो. "म्हातारीला काय कळतंय यातलं? बोटं लावून ठेवते कुठंही."

आई चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

मग तरी गप्प बसावं! नाही. मी तिलाच म्हणालो, सगळ्यांसमोर, "आई, माझ्यात परत जाऊ नकोस. सगळं बिघडवून ठेवलंस. तो शेवटचा रंगीत खण आहे ना, त्यात काय पाहिजे ते कर."

"चुकलं बाबा," आई म्हणाली. तिनं ट्रे ठेवला, प्रत्येकाच्या हातात कप दिला आणि आत गेली. त्या चौघांपैकी दोघं तेवढ्यात मोबाईल बघायला लागले. त्यांना माझी लाज वाटली असणार. मला तेव्हा वाटली नाही.

पुढचे आठ महिने घरात शांतता होती. आई आमच्या खणांच्या वाटेला गेली नाही. माझ्या पडद्यावरून सासवा-सुना हळूहळू गेल्या आणि इंग्रजी सिनेमे परत आले. एकदा जिन्यात काकूंनी मला थांबवलं. "आक्कांनी मालिका सोडली वाटतं? म्हणत्यात, कंटाळा आला."

"हो का? बरं झालं की," मी म्हणालो आणि दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेलो.

गेल्या उन्हाळ्यात पाठ धरली म्हणून मी चार दिवस घरी होतो. दुपारी पडल्या पडल्या बाहेरून टीव्हीचा आवाज आला. कुणीतरी चिरक्या आवाजात हिंदीत गाणं म्हणत होतं. भिंतीला धरून बाहेर आलो. आई सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती आणि पडद्यावर एक निळा ससा गाजर शोधत फिरत होता.

मला हसूच फुटलं. "आई, हे काय बघतेस गं?"

"हेच लागतंय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"तू दिलायस त्या खणात हेच लागतंय. ससा हाय, अस्वल हाय, आन् एक रेल्वेगाडी बोलती. ससा लय गुणी हाय. अस्वल जरा आगाव हाय."

"आणि तुझी मालिका?"

"ती संपली आसंल की. लागंना कुठं."

मालिका संपली नव्हती. रोज सातला लागत होती. त्या रंगीत चौकोनावर 'मुलांसाठी' असं लिहिलेलं आहे, ठळक अक्षरांत. मला ते माहीत नव्हतं असं इथं लिहिलं तर तुम्ही विश्वास ठेवालही. पण मी ते वाचलेलं होतं. त्या रविवारी तिला माझ्यातून हाकलायची एवढी घाई होती की ती कुठं जाते हे बघायची गरज मला वाटली नाही. पंचाहत्तरीच्या बाईला मी आठ महिने ससा दाखवला. आणि ती काकूंना सांगत राहिली, कंटाळा आला. माझी लाज तिनं राखली, तीसुद्धा माझ्याच जिन्यात.

"अगं, मला सांगायचं नाहीस?"

"कशाला? तुझं परत बिघडलं म्हंजे?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

पाठ विसरून मी फोन काढला आणि तिथंच तिचा चौकोन करायला बसलो. नाव विचारलं त्यानं. मी 'आई' असं टाकलं आणि तिला वाचून दाखवलं.

"आई तुझी," ती म्हणाली. "मी काय माझीच आई व्हय?"

मग मी तिचं नाव टाकलं, रेशनकार्डावर आहे ते. लग्नात वडिलांनी तांदळात अंगठीनं लिहिलेलं. त्या नावाची सही तिला येते, अक्षरं काढून काढून. पडद्यावर ते दिसताच तिनं ओळखलं.

"ह्ये न्हवं. ह्ये तुमच्या घरचं. माझं घाल."

"तुझं कुठलं?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मला तिचं माहेरचं नाव माहीत नव्हतं. मामा सगळे तिच्यापेक्षा लहान, ते आक्का म्हणायचे. आजी मी पाळण्यात असताना गेली. हे सगळं खरं आहे, पण बावन्न वर्षांत मी एकदा विचारूही शकलो असतो.

तिनं सांगितलं. हळू सांगितलं, नवी नवरी उखाण्यात सांगते तसं. ते नाव मी इथं लिहीत नाही. चारचौघांत तिला एकदा उघडं पाडलंय, तेवढं बास.

मी टाइप केलं. चौकोनाखाली ते उमटलं. आई उठून टीव्हीजवळ गेली आणि अक्षरांखालून बोट फिरवत राहिली.

"असं दिसतंय व्हय ते," ती म्हणाली. "लिवल्यालं कवा बघितलंच न्हाई मी." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "वाच की एकदा. मोठ्यानं."

आईला नावानं हाक कशी मारायची? जीभ उचलेना. पण वाचलं.

"ओ," आई म्हणाली.

तिच्या तोंडून ते आपसूक गेलं. मग तीच दचकली आणि तोंडाला पदर लावून हसली. मी खाली मान घालून फोनकडं बघत बसलो. सात वाजायला अजून बराच वेळ होता.